सोफोक्लिसचा एजॅक्स स्वतःला परका होतो का?

मूळ मुद्दा

ग्रीक शोकांतिकेतील नायकाच्या परात्मतेची, म्हणजे माणूस स्वतःलाच परका होऊन बसण्याची, चर्चा बहुधा नकळत बापाला मारणाऱ्या ईडिपस राजापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते ती ग्रीक नाटककार सोफोक्लिसच्या 'एजॅक्स' या नाटकापासून सुरू व्हायला हवी. ट्रॉयच्या युद्धात ग्रीक वीर अकिलीसच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रे आपल्याला न मिळता ओडिसियस या दुसऱ्या ग्रीक वीराला दिली गेली, या अपमानाने पेटलेला योद्धा एजॅक्स रात्री ग्रीक सेनानायकांना ठार करायला निघतो. अथीना देवी त्याची बुद्धी फिरवते आणि तो लुटीतली गुरे-मेंढरे शत्रू समजून कापून काढतो. भानावर आल्यावर त्या कलेवरांच्या राशीत, नखांनी स्वतःचे केस गच्च धरून, तो बराच वेळ एक शब्दही न बोलता बसून राहतो. मग टेकमेसाला, त्याने युद्धात जिंकून आणलेल्या आणि आता त्याच्या मुलाची आई असलेल्या स्त्रीला, तो धमकावून विचारतो की घडले तरी काय. स्वतःचेच कृत्य त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. टेकमेसा पुढे जे सांगते त्याने मी दर वाचनात हेलावतो. आक्रोश करणे हे भेकडाचे लक्षण मानणारा हा माणूस दुःखातही बैलासारखा खालच्या आवाजात डुरकत असे. त्या दिवशी त्याने फोडलेला टाहो मात्र तिने पूर्वी कधीच ऐकला नव्हता. ज्याचा आवाजही त्याचा राहिला नाही, तो स्वतःचा उरला असे कसे म्हणायचे?

प्रतिसाद : असहमत

आवाजाचे निरीक्षण मोलाचे आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. परात्मता ही हेगेल आणि मार्क्स या जर्मन विचारवंतांच्या लेखनातून घडलेली संकल्पना आहे. ती इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील अथेन्सला लावण्याआधी पात्र स्वतः काय म्हणते ते ऐकायला हवे. शुद्धीवर आलेल्या एजॅक्सला सेनानायकांना मारायला निघाल्याचा पश्चात्ताप झालेलाच नाही. डोळे आणि मन भरकटले नसते, तर त्यांना पुन्हा कोणाविरुद्ध असा निवाडा देता आला नसता, असे तो स्पष्ट म्हणतो. म्हणजे रात्रीच्या आणि नंतरच्या एजॅक्सचा हेतू एकच आहे, फक्त तलवार भलत्याच देहांवर चालली. त्याला छळणारा प्रश्न 'मी कोण' हा नाही. पूर्वी याच ट्रॉयच्या भूमीवरून शौर्याचा पहिला मान मिळवून घरी परतलेल्या बापाला, टेलॅमनला, आता कोणते तोंड दाखवू, हा आहे. ही लाज आहे, आणि आपण कोण होतो हे पुरते ठाऊक असलेल्यालाच अशी लाज वाटते. आपल्या नावातच विलाप दडला आहे, हेही त्याला याच वेळी उमगते : ग्रीकमध्ये 'आयास' हे त्याचे नाव आणि 'आयाय' हा शोकोद्गार. नाव आणि नशीब इतके एकरूप झालेला माणूस सैन्यापासून तुटला आहे, स्वतःपासून नव्हे.

मूळ लेखकाचे उत्तर

संज्ञा आधुनिक आहे, हे मान्य. हेतू एकच राहिला, हेही मान्य, आणि त्यामुळे मला माझी मांडणी थोडी बदलावी लागेल. तरीही मध्यावरचे ते प्रसिद्ध भाषण आपण वगळले आहे. पाणी दिलेल्या लोखंडासारखा कठीण असलेला मी या स्त्रीमुळे, म्हणजे टेकमेसामुळे, बोलण्यात मऊ झालो, असे तो म्हणतो. तिथला ग्रीक शब्द 'तोंड' आणि 'शस्त्राची धार' या दोन्ही अर्थांचा आहे. देवांपुढे नमण्याची भाषा करत तो ट्रॉयचा वीर हेक्टर याने दिलेली तलवार पुरायला म्हणून निघतो आणि तिचे टोक वर ठेवून, मूठ जमिनीत रोवून, तिच्यावरच पडतो. तो खोटे बोलत होता की क्षणभर खरोखर बदलला होता, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. शेवटच्या स्वगतातही 'एजॅक्सचा हा तुमच्याशी अखेरचा शब्द' असे तो स्वतःला नावाने संबोधून बोलतो. मला त्यात स्वतःकडे बाहेरून पाहणारा माणूस दिसतो.

आणखी एक प्रतिसाद : दोघांशीही अंशतः असहमत

स्वतःला नावाने संबोधणे ग्रीक नाटकांत इतरत्रही आढळते, त्यामुळे त्या एका ओळीवर फार भार टाकू नये. खरी कसोटी दुसरा ग्रीक नाटककार युरिपिडीस याच्या 'हेराक्लीस' या नाटकात आहे. तिथे वेडाच्या भरात मारली जातात ती गुरे नव्हेत, नायकाची बायको आणि तीन मुले. शुद्धीवर आल्यावर त्याला बाप अँफिट्रियॉनकडून सत्य कळते, आणि हे करण्याची इच्छा त्याच्या मनात कधीच नव्हती. ज्याच्या हातांनी त्याच्या इच्छेविरुद्ध काम केले, त्याला परात्म म्हणावे, एजॅक्सला नव्हे. हेराक्लीस मरायचे ठरवतो, अथेन्सचा राजा थीसियस त्याला परावृत्त करतो, आणि मग धनुष्याचा प्रश्न उरतो. कुशीला घासत ही शस्त्रे मला म्हणतील, आमच्याच साहाय्याने तू मुलांना आणि पत्नीला मारलेस, असे हेराक्लीस म्हणतो. ती टाकून दिली तर शत्रूंपुढे निःशस्त्र मरण ठरलेले. तो ती उचलतो आणि थीसियसच्या आधाराने अथेन्सकडे चालू लागतो.