अनुभव धागा : जाग आल्यावरही न संपलेली स्वप्ने

गेल्या महिन्यात एका पहाटे मी उठलो, दात घासले, चहाचे आधण ठेवले, किसलेल्या आल्याचा वास आला आणि तेवढ्यात गजर झाला. मी अंथरुणातच होतो, ओट्यावर पातेलेही नव्हते. नंतर केलेला चहा खरा आहे, याची खात्री मला पहिल्या घोटाने जीभ पोळल्यावरच पटली. स्वप्न कुठे संपले आणि जाग कुठे सुरू झाली हे कळेनासे व्हावे, असे आपल्यापैकी कोणाच्या बाबतीत घडले असेल, तर त्यांनी ते कृपया सविस्तर लिहावे. शुभ-अशुभाची चर्चा नको. काय दिसले, काय ऐकू आले आणि खरे काय ते कशावरून कळले, एवढे सांगितले तरी पुरे.

*

माझा अनुभव वीस वर्षांपूर्वीचा, कोकणातल्या आजोळचा आहे. रात्री डोळे उघडले तेव्हा माजघरातला झिरोचा दिवा, दांडीवरचा पंचा, शेजारी झोपलेला मामेभाऊ, सगळे जागच्या जागी दिसत होते. मात्र माझ्या छातीवर कोणीतरी बसले होते, आणि मला ना हाक मारता येत होती, ना करंगळी हलवता येत होती. सकाळी आजीने मागच्या पिंपळावरच्या मुंज्याचे नाव घेतले आणि रात्री माझ्या उशाशी अडकित्ता ठेवला. पुढे डॉक्टरांनी समजावले ते असे : ज्या झोपेत पापण्यांआड बुबुळे भराभर फिरतात आणि ठसठशीत स्वप्ने पडतात, तिला रेम झोप म्हणतात, शिकागोच्या संशोधकांनी तिचे वर्णन १९५३ साली प्रसिद्ध केले. त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो, म्हणून स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात धावत नाही. कधी कधी भान आधी येते आणि स्नायू मागे राहतात, तेव्हा खरी खोली आणि स्वप्नातला माणूस एकाच वेळी दिसतात. हे कळल्यावर माझी भीती कायमची गेली; पण त्या दुसऱ्या रात्री मला झोप लागली ती आजीच्या अडकित्त्यामुळे, आणि तिला मी अडाणी म्हणणार नाही.

*

आमची पाच वर्षांची नात एका सकाळी दादाशी बोलेना, कारण त्याने स्वप्नात तिचे मोरपीस पाण्यात टाकले होते. मोरपीस वहीत तसेच आहे, हे दाखवल्यावर ती म्हणाली, "पण त्याने टाकलं होतं."

*

मी परिचारिका आहे. सलग पाचव्या रात्रपाळीला पहाटे खुर्चीतच माझा डोळा लागला असावा. बारा नंबरच्या खाटेचे सलाईन मी बदलले, हे मला बाटलीच्या गार स्पर्शासकट आठवत होते. पण नोंदवहीत सही नव्हती आणि जुनी बाटली तळाला आली होती. रुग्णाला काही झाले नाही, परंतु माझ्या पायांतले बळ गेले. तेव्हापासून मी आठवणीवर नव्हे, सहीवर विश्वास ठेवते.

*

आईला जाऊन अकरा वर्षे झाली. परवा साखरझोपेत ती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती, आणि "विरजण लावलंस का गं?" एवढेच तिने विचारले. उठून पाहिले, तर दूध ओट्यावर तसेच राहिले होते. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे मला समजते. विसरल्याची टोचणी आत कुठेतरी असणार आणि तिनेच आईचे रूप घेतले असणार. पण तो आवाज इतका स्पष्ट होता, की "लावते" असे उत्तर मी मोठ्याने दिले. दूध पुन्हा कोमट केले, त्यात चमचाभर विरजण घातले आणि झाकण ठेवून थोडा वेळ तिथेच उभी राहिले.