'परोपजीवी' की आणखी काही?

चोपडेकर: शेतीमासिकासाठी लेख मराठीत करतोय. अमेरिकेत 'ॲश' नावाची झाडं पोखरणारा हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनात सापडला. २००७ पासून त्याच्यावर चीनमधून आणलेल्या बारीक गांधीलमाश्या सोडतात. एक जात भुंग्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, बाकीच्या सालीखालच्या अळीला गाठतात. यजमान मरतोच. 'परजीवी' लिहिलं तर संपादक म्हणतात, ऊ-गोचीड कुठे जीव घेते? मग अशा यजमानाला मारणाऱ्या कीटकाला, इंग्रजीतल्या 'पॅरासिटॉइड'ला, मराठीत काय लिहू?

तापीकाठ: ज्याला खायचं त्याला 'यजमान'! भटजींना विचारून लिहा.

शहादेकर: 'परोपजीवी'. शेतीच्या पुस्तकांत तेच असतं. नाहीतर सरळ 'मित्रकीटक'. पपईच्या पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून माशी आणली होती, ती आमच्याकडे मित्रकीटकच.

चोपडेकर: मित्रकीटकात ढालकिडाही आला. तो नुसता खात सुटतो. इथे सगळी गोम अंडं घालण्यात आहे. एका चिनी माशीची अंडं घालायची सुई आखूड, जाड सालीच्या मोठ्या झाडात अळीपर्यंत पोचत नाही. म्हणून २०१५ मध्ये लांब सुईची रशियन जात मंजूर झाली.

शब्दनिष्ठ: पर + उपजीवी, म्हणजे दुसऱ्यावर उपजीविका करणारा. मारणं कुठे आलं त्यात? 'यजमानघ्न' करा. कृतघ्न चालतो ना?

शहादेकर: बांधावर जाऊन म्हणून दाखवा. माणूस हातातलं मित्रमाश्यांचं ट्रायकोकार्ड टाकून पळेल.

धुळेकर: मुळात 'भुंगा' खोड पोखरत नाही, पोखरते अळी. आपल्या आंब्याला लागतो तो भिरूड. भोकातून ओला भुसा गळतो, आम्ही तार घालून अळी ओढतो, पेट्रोलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपतो. 'ॲशचा भिरूड' लिहा, शेंबडं पोरही समजेल.

तापीकाठ: भिरूड लागतो? आमच्याकडे *लागते*.

धुळेकर: 'तो' भिरूड. भिरभिर उडतो म्हणून.

शब्दनिष्ठ: अळी भिरभिर उडते? ही व्युत्पत्ती कुठल्या झाडावरून पाडली?

साक्रीवाला: आमना गावमा बठ्ठा भुंगाच म्हनतस. अळी काय, उडता काय.

चोपडेकर: मंडळी, माझी माशी राहिली की.

तापीकाठ: थांबा हो. 'तो' असेल तर चार भिरूड, 'ती' असेल तर चार भिरुडी? का तसंही कोणी म्हणत नाही?