शब्दचर्चा: 'बेडरूम टॅक्स' आणि 'अ‍ॅरिअर्स' मराठीत कसे लिहावेत?

प्रश्न: ब्रिटनमधल्या भाडेकरूंवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. 'बेडरूम टॅक्स'ला 'शयनकक्ष कर' लिहिलं, पण मनाला पटत नाही. 'हाउसिंग असोसिएशन'ला 'गृहनिर्माण संस्था' चालेल का? शिवाय 'अ‍ॅरिअर्स' एकाच परिच्छेदात दोनदा आलाय. दोन्हीकडे 'थकबाकी' लिहिलं की अर्थच लागत नाही.

उत्तर: ताई, मी इथे इंग्लंडमध्ये अशा भाडेकरूंना अर्ज भरायला मदत करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'गृहनिर्माण संस्था' अजिबात नको. ते वाचून आपल्या डोळ्यांसमोर सभासद, शेअर सर्टिफिकेट आणि वार्षिक सभा येते. तिथे राहणारेच मालक असतात. इथल्या असोसिएशनमध्ये घरं संस्थेची आणि राहणारे भाडेकरू. संस्था नफ्यासाठी चालत नाही, पण घरांची दुरुस्ती आणि कर्जाचे हप्ते भाड्यातूनच भागवते. 'भाडेघर संस्था' म्हणा.

'कर' हा शब्द लोकांनी दिलेला आहे. १ एप्रिल २०१३ पासून कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) किंवा असोसिएशनच्या घरात नियमापेक्षा एक बेडरूम जास्त असेल, तर भाड्यासाठीची सरकारी मदत भाड्याच्या १४ टक्क्यांनी कमी झाली. दोन किंवा अधिक जास्त असतील, तर २५ टक्क्यांनी. आठवड्याचं भाडं १०० पौंड असेल, तर १४ पौंड पदरचे. पेन्शनच्या वयाचे लोक यातून वगळले. सरकारचं म्हणणं, ही 'जादा खोलीच्या अनुदानाची समाप्ती' आहे. पण अशा नावाचं वेगळं अनुदान भाडेकरूच्या हाती कधी पडतच नव्हतं. तिजोरीत काही भरावं लागत नाही म्हणून काटेकोर अर्थाने हा कर नाही, कपात आहे. मी 'खोलीकपात' लिहीन.

आणखी एक मत: 'खोलीपट्टी' कसं वाटतं? घरपट्टी, पाणीपट्टी यांच्या ओळीत सहज बसतं, आणि 'बेडरूम टॅक्स'मधला लोकांचा राग त्यात उतरतो.

उत्तर: छान शब्द आहे! लोकांच्या तोंडी असेल तिथे 'खोलीपट्टी', नियम समजावताना 'खोलीकपात' असं करता येईल. मात्र 'रिकामी खोली' कुठेच लिहू नका. नियमाप्रमाणे दहा वर्षांखालच्या भाऊ-बहिणीने एकच खोली वापरायची. आजारी जोडीदाराला वेगळं झोपावं लागतं, उपकरणं ठेवावी लागतात, तरी ती खोली जादाच धरली जात होती. अशाच एका दाम्पत्याच्या बाजूने २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. म्हणून 'जादा ठरवलेली खोली' लिहा. ती जादा कोणीतरी ठरवली आहे, हे वाचकाला दिसलं पाहिजे.

आता 'अ‍ॅरिअर्स'. महाराष्ट्रात नोकरदाराला 'एरियर्स' म्हटलं की वेतन आयोगाचा फरक आठवतो, म्हणजे हाती येणारे पैसे. तुमच्या लेखात दोन वेगळे अर्थ असावेत. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी सरकारी मदत, त्यातच भाड्याचीही मदत येते) 'इन अ‍ॅरिअर्स' मिळतं, म्हणजे महिना भरल्यावर, मागाहून. पहिली रक्कम यायला साधारण पाच आठवडे लागतात. तोवर भाडं थकतं, ते 'रेंट अ‍ॅरिअर्स'. पहिल्या ठिकाणी 'मागाहून', दुसऱ्या ठिकाणी 'थकबाकी'. मागाहून मिळतं म्हणून थकतं, असा तो संबंध आहे.

पूर्वी भाड्याची मदत बहुधा थेट संस्थेकडे जायची. आता इंग्लंडमध्ये ती भाडेकरूच्या खात्यात इतर पैशांबरोबर येते आणि त्याने पुढे भरायची. दोन महिन्यांचं भाडं थकलं की संस्था थेट रक्कम मागू शकते. स्कॉटलंडमध्ये थेट भरण्याचा पर्याय भाडेकरूलाच दिला आहे, आणि खोलीकपातीची भरपाई तिथलं सरकार वेगळ्या निधीतून करतं. लेखात नुसतं 'ब्रिटनमध्ये' असं असेल, तर तेवढं मूळ लेखकाला विचारून घ्या.

प्रश्नकर्ती: विचारते. 'गृहनिर्माण संस्था' सगळीकडून काढून टाकली.