बॅलन्स्ड ४.४ जॅक: हेडफोनला खरंच लागतो का?

टिळकवाडी_श्रोता
बेळगावात हेडफोन घ्यायला गेलं की हल्ली पहिलाच प्रश्न येतो, "बॅलन्स्ड पाहिजे की साधा?" आणि बॅलन्स्ड म्हणजे नॉइज नाही, असं सांगून महागडी केबल गळ्यात मारतात. माझं मत स्पष्ट आहे: नॉइजचं हे कारण हेडफोनला लागूच होत नाही.

साध्या ३.५ मिमी जॅकला तीन जोड असतात. डावा, उजवा आणि दोघांत मिळून एक ग्राउंड. बॅलन्स्डमध्ये, म्हणजे ४.४ मिमी जॅकात, प्रत्येक कानाला स्वतःच्या दोन तारा. अॅम्प (अॅम्प्लिफायर) एका टोकाने ढकलतो तेव्हा दुसऱ्या टोकाने ओढतो. गणपतीच्या मांडवात माइकची एक्सएलआर (तीन पिनांची बॅलन्स्ड) केबल लांबवर जाते, सिग्नल काही मिलिव्होल्टचा. तिथे दोन्ही तारांत सारखाच शिरलेला गुणगुणाट मिक्सरपाशी वजा होतो, म्हणून ती केबल हवीच. हेडफोनची केबल दीड मीटर, सिग्नल त्या मानाने कितीतरी मोठा. आणि ड्रायव्हरला, म्हणजे हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरला, टोकं दोनच. साध्या जॅकवरही तो दोन टोकांतल्या फरकावरच हलतो. मग वजा करायचं राहिलं काय?

खानापूर_३००ओहम
नॉइजचं सोडा, पॉवरचं बोला. माझा सेनहायझर एचडी ६५०, ३०० ओहमचा. माझ्या डॅकचा (डिजिटल गाणं ऐकण्याजोग्या सिग्नलात बदलून हेडफोनला देणाऱ्या डबीचा) साधा जॅक २ व्होल्ट देतो, म्हणजे जेमतेम १३ मिलिवॅट. त्याच डॅकचा ४.४ जॅक ४ व्होल्ट देतो, म्हणजे ५३. व्होल्टेज दुप्पट, पॉवर चौपट. हे कागदावरचं नाही, कानाला कळतं. शिवाय दोन्ही कानांचं ग्राउंड वेगळं झाल्यावर डावं-उजवं मोकळं होतं, तंबोरे बाजूला सरकतात.

टिळकवाडी_श्रोता
दादा, एचडी ६५० कंपनीच्याच आकड्यानुसार १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. २ व्होल्टला १०९. एवढ्यात कान बधिर होतात, आणखी पॉवर कुठे वापरणार? ४.४ मध्ये घातलं की त्याच व्हॉल्यूमवर ६ डेसिबल जास्त मिळतात, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. व्होल्टमीटरने दोन्हीकडे आवाज सारखा करा, मग ऐका.

डाव्या-उजव्याचं म्हणाल तर गणित सोपं आहे. सामाईक ग्राउंडचा रोध ०.१ ओहम धरला तर ३२ ओहमच्या हेडफोनला एका कानातलं दुसऱ्यात ५० डेसिबल खाली उतरतं, तुमच्या ३०० ओहमला जवळपास ७०. एलपी रेकॉर्डची सुई डाव्या-उजव्यात २५-३० डेसिबलचंच अंतर ठेवते, तरी स्टीरिओ सुंदर वाटतो. आणि सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या जुन्या मोनो ध्वनिमुद्रिका ऐकत असाल तर दोन्ही कानांत एकच सिग्नल. वेगळं करायला काही नाहीच.

निपाणी_साउंड
मी भजन-कीर्तनाचं साउंड बघतो, केबली जोडतो. मधलं एक सांगतो बघा. स्वस्तातल्या इअरफोनची केबल सोलून बघितली तर दोन्ही कानांचं ग्राउंड वायच्या सांध्यातच, म्हंजे केबल दोन कानांना फुटते तिथंच, पिळून एक केलेलं असतंय, अन् तिथनं प्लगपर्यंत केसासारखी एकच तार. तिचा अर्धा ओहम धरा, इअरफोन १६ ओहमचा. मग डाव्या-उजव्यात ३० डेसिबलचंच अंतर राहिलं की! तिथं फरक पडतोय. पण त्याला बॅलन्स्ड अॅम्प कशाला? चार तारा थेट प्लगपर्यंत न्यायच्या, दोन्ही ग्राउंड प्लगातच जोडायचे. काम झालं.

अन् एक गोष्ट न चुकता ध्यानात ठेवा. अॅम्पच्या ४.४ जॅकातनं ३.५ चा हेडफोन चालवायला अॅडॅप्टर लावू नका. डाव्या-उजव्याच्या दोन्ही उणे तारा, ज्यांच्यावर अॅम्प चालतोय, त्या एकमेकीला शॉर्ट होतात. अॅम्प जळू शकतोय. उलटं, म्हणजे ४.४ चा हेडफोन साध्या जॅकला, बिनघोर लावा.

खानापूर_३००ओहम
निपाणीकर, चार तारांचं पटलं. पण टिळकवाडीकर, जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग फार हळू असतात. विलंबित ख्याल ऐकताना साध्या जॅकवर व्हॉल्यूम शेवटाला टेकतो आणि तरी षड्जाचा भरणा येत नाही. तिथे तुमचे १०९ डेसिबल येतातच कुठे?

टिळकवाडी_श्रोता
अशा रेकॉर्डिंगला जास्त व्होल्टेज लागतं, बरोबर. पण तितकं व्होल्टेज देणारा साधा टेबल अॅम्पही मिळतो. बॅलन्स्ड ही ते मिळवायची एक रीत, आणि तिला किंमत आहे: आउटपुट इंपीडन्स (अॅम्पचा आतला रोध) दुप्पट होतो, अॅम्पचा स्वतःचा हिस (सूं-सूं आवाज) थोडा वाढतो. १६ ओहमच्या नाजूक इअरफोनला ते दोन्ही नको असतं.

खानापूर_३००ओहम
टेबल अॅम्प घेऊन मी लोंढ्याच्या पॅसेंजरमध्ये बसू का? खिशातला डॅक छोट्या बॅटरीवर चालतो, त्याला ४ व्होल्ट काढायचा हाच सोपा मार्ग आहे. ३०० ओहमवाल्याने ४.४ घ्यावा. मी सांगत राहणार.

निपाणी_साउंड
३०० ला घ्या, १६ ला नको. अन् विकत घ्यायच्या आधी जुन्या केबलीचा रोध मल्टिमीटरनं मोजा. मोजायला माझ्याकडं आणली तरी चालंल.