ट्रान्समॉनची अरेषीयता: १०० की २०० मेगाहर्ट्झ?

निपाणीकर: ट्रान्समॉनची (क्वांटम संगणकातल्या अतिवाहक क्यूबिटची) अरेषीयता, म्हणजे १→२ आणि ०→१ या ऊर्जापातळ्यांमधल्या उड्यांच्या वारंवारतांतला फरक, काढतोय. डेटा बेंगळुरूचा. टू-टोनमध्ये (दोन मायक्रोवेव्ह सिग्नल देऊन केलेल्या मोजणीत) मुख्य शिखर, ०→१ चं, ५.००० गिगाहर्ट्झला. ड्राइव्ह (क्यूबिटला दिलेला सिग्नल) वाढवला की ४.९०० ला एक बारीक शिखर येतं. म्हणजे अरेषीयता उणे १०० मेगाहर्ट्झ ना?

टिळकवाडी: नाही हो, उणे २००. ते शिखर ०→२ चं, दोन फोटॉनचं, म्हणून अरेषीयतेच्या अर्ध्याच अंतरावर दिसतं. हमखास होणारी चूक!

खानापूरचा: पडताळा घ्या. ५.००० ला पाय-पल्स (० ला १ आणि १ ला ० करणारा ठोका), मग दुसरा पल्स ४.७ ते ४.९ फिरवा, १→२ हे ४.८०० ला सापडेल. रीडआउटला (क्यूबिटची पातळी वाचताना) १ आणि २ सारखेच दिसत असतील तर शेवटी पुन्हा ५.००० चा पाय-पल्स द्या: १ खाली ० ला येतो, २ जागचा हलत नाही.

टिळकवाडी: आणि जास्त ड्राइव्हनं शिखरं रुंदावतात, सरकतातही. तीन-चार पॉवरवर मोजून रेषा शून्य पॉवरपर्यंत न्या.