पडत्या काळात नेमकं कशाने सावरलं? (अनुभव धागा)

दहावी, बारावी, नीट यांचे निकाल जवळ आले की 'मुलांना खंबीर बनवा' छापाचे लेख रतीब घातल्यासारखे येतात. त्यांत प्राणायाम असतो, सकारात्मक विचार असतात, माणसं मात्र नसतात. म्हणून हा धागा. पंधरा ते तिशीच्या वयात तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी मनाने खचलं असेल, तर तेव्हा उपयोगी काय पडलं ते लिहा. मोठं काही नको. 'अमका रोज चहाला हाक मारायचा' एवढंही चालेल.

विनंती इतकीच, की दुसऱ्याच्या अनुभवाखाली 'तुम्ही असं करायला हवं होतं' लिहू नका, आणि डॉक्टर, शाळा, क्लास यांची नावं घेऊ नका. आत्ता या घडीला कुणाला सगळं असह्य होत असेल तर धागा बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेली मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, रात्रीअपरात्री चालते, मराठीत बोलता येतं.

पेठेतला माजी:

गाव परभणीकडचं. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुण्यात आलो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (भाडं एका खाटेपुरतं), एका खोलीत चौघं. घरून फोन आला की 'तयारी चालू आहे' हे ठरलेलं उत्तर.

११ मार्च २०२१ ला, परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना, लोकसेवा आयोगाने (एमपीएससी) १४ तारखेची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे ढकलली. त्या संध्याकाळी शास्त्री रोडवरच्या आंदोलनात मीही बसलो होतो. नंतर ती २१ मार्चला झाली, त्यामुळे बाहेरच्यांना वाटलं, आठवड्याभराचा तर प्रश्न, एवढा काय गोंधळ घालताय. पण हीच परीक्षा कोरोनात आधीही पुढे गेली होती, आणि तारीख बदलली की खोलीभाडं, मेस आणि अभ्यासिका यांचे पैसे पुन्हा घरी मागायला लागायचे. गंमत म्हणजे रस्त्यावर घसा बसेपर्यंत ओरडलो त्या रात्री मला छान झोप लागली. सगळेच त्यात होते ना.

खरा त्रास पुढे झाला. मेन्सचा (मुख्य परीक्षेचा) कट ऑफ थोडक्यात हुकला. अभ्यासिकेत जाऊन बसायचो, लक्ष्मीकांत (राज्यघटनेचं ठरलेलं पुस्तक) उघडा, सकाळी जे पान तेच संध्याकाळी. अंघोळ राहायला लागली. मेसवाल्या काकू 'डबा तसाच आला रे' म्हणाल्या, तर मी मेसच बदलली.

आमच्या अभ्यासिकेत एक दादा होता, स्वतः वयोमर्यादेच्या टोकाशी आलेला (खुल्या गटाला ३८). त्याने समजूत वगैरे घातली नाही. चहा पाजला आणि एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे तीन रकाने आखायला लावले. काय झालं, त्यावर मी मनात काय म्हणालो, आणि मग काय वाटलं. पहिल्यात 'कट ऑफ हुकला'. तिसऱ्यात 'छातीवर दडपण, उठवत नाही'. मधल्यात मी लिहिलं होतं, 'घरावर ओझं आहे, आता संपलं'. तो म्हणाला, पहिला रकाना तुझ्या बापाला पण बदलता येणार नाही, मधला खोड आणि खरं काय ते लिही. बऱ्याच खाडाखोडीनंतर असं वाक्य झालं: 'पोस्ट मिळाली नाही तर खूप वाईट वाटेल, गावात तोंड दाखवणं जड जाईल, आणि मला दुसरी नोकरी शोधावी लागेल.' लांबलचक आणि रटाळ, पण त्याच्या शेवटी निदान करण्यासारखं एक काम होतं.

ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट एलिसची, आणि कि. मो. फडक्यांनी ती मराठी माणसांपर्यंत आणली, हे मला फार उशिरा कळलं. दादाला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

त्यानेच मला चालू घडामोडींच्या एका मासिकाचं मुद्रितशोधन मिळवून दिलं. पैसे फुटकळ, पण घरून मागायचे कमी झाले. 'प्लॅन बी ठेवला की फोकस जातो' असं क्लासमध्ये सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. ते काम हातात आल्यावरच मी पुढचे पेपर हात न थरथरता दिले. पोस्ट निघाली नाहीच. आता एका पतसंस्थेत आहे, लग्न झालंय, आणि गावात तोंड दाखवणं वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

आखेनमधला:

जर्मनीत मास्टर्सला आलो. नोव्हेंबरात साडेचार-पाचला अंधार. आईला व्हिडिओ कॉलवर 'मस्त जेवलो' सांगायचं आणि कोरडा पाव खाऊन झोपायचं. इथे विद्यार्थी कल्याण संस्थेत समुपदेशन फुकट असतं, हे कँटीनच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर वाचलं. समुपदेशक बाईंनी पहिल्या भेटीत मार्कांबद्दल अवाक्षर काढलं नाही. दिवसात उजेड असताना किती वेळ बाहेर असतोस आणि जेवताना सोबत कोण असतं, एवढंच विचारलं. शनिवारी चार पोरं मिळून पिठलं-भात करायला लागलो ते तेव्हापासून. फार काही नाही, पण शनिवार येतो.

मावशी (रेक्टर):

लातूर. मुलींचं वसतिगृह, झाडून सगळ्या नीटवाल्या. मला मावशी म्हणतात.

२०२४ ला देशात २३ लाखांवर लेकरं या परीक्षेला बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा साऱ्या मिळून सव्वा लाखाच्या आत. हा हिशेब पोरींना पाठ आहे, आईबापांना नाही. दर रविवारी टेस्ट. मार्क आधी बापाच्या मोबाइलवर पडतात, मग पोरीला कळतात. म्हणून रविवारी रात्री जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक जण फोन कानाला लावून बसलेली असते.

मी काही शिकलेली समुपदेशक नाही. मी ताटं बघते. पोळीचा नुसता चुरा करून उठणारी कोण, घरचा फोन वाजत ठेवणारी कोण, वेणी घालायची सोडलेली कोण. रडणाऱ्या पोरीची मला तेवढी धास्ती नसते. जी रडायची थांबते, एकदम शांत होते, आपल्या नोट्स आणि आवडता ड्रेस मैत्रिणींना देऊन टाकते, तिच्या खोलीत मी त्या रात्री गादी टाकते. एकटीला सोडत नाही. आईबापांना लगेच बोलावून घेते आणि सकाळी डॉक्टरांकडे सोबत जाते. 'बदनामी होईल' म्हणणारे भेटतात. त्यांना म्हणते, होऊ द्या माझ्या हॉस्टेलची.

एकीचे वडील दर रविवारी फक्त मार्क विचारायचे. माणूस वाईट नव्हता, त्यांना दुसरं बोलायचं सुचायचं नाही. मी म्हटलं, दादा, एक रविवार मार्क राहू द्या, म्हशीचं सांगा तिला. त्यांनी खरंच व्हिडिओ कॉल लावून गोठ्यात म्हैस दाखवली, नवं रेडकू दाखवलं. पोरगी जिन्यात मोठ्याने हसली, बाकीच्या धावत बघायला गेल्या. ती डॉक्टर झाली नाही. बी.एस्सी. नर्सिंगला आहे आणि दिवाळीत फोन करते.

खडूस आजोबा:

आम्ही सात भावंडं. चिमणीच्या उजेडात अभ्यास केला. नापास झालो तर वडिलांची छडी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळा. समुपदेशक हा शब्द ऐकला नव्हता. तरी उभे राहिलो. हल्लीच्या मुलांना खरचटलं की लगेच 'ट्रॉमा'.

माडीवाली:

आजोबा, राग मानू नका. समुपदेशक आमच्या वाड्यातही नव्हता. माडीवरच्या खोलीत एक काका मात्र होते. बी.ए.ला असताना 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणून वर ठेवलेले. ताट वर जायचं, रिकामं खाली यायचं. पाहुणे आले की ते मुंबईला नोकरीला असल्याचं सांगायचं, आणि आम्हा पोरांनाही तेच पढवलेलं. त्यांची अक्षरं सुंदर होती, शाळेच्या जुन्या वह्या मी पाहिल्यात. तुमच्या काळातले जे उभे राहिले तेच आज इथे लिहिताहेत, एवढंच माझं म्हणणं.

खडूस आजोबा:

मुद्दा पोचला. तरी मोबाइल कमी करा.

सातारकर आई:

मुलगी नववीत असताना रोज सकाळी पोट दुखायचं. रविवारी नाही, मे महिन्यात नाही. सोनोग्राफी, रक्त, लघवी, सगळं नॉर्मल. मुलांच्या डॉक्टरांनीच मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. सासूबाई म्हणाल्या, आधी दृष्ट काढा. काढली. मीठ-मोहऱ्यांनी कुणाचं काही बिघडत नाही, आणि त्यामुळे सासूबाई आमच्या बाजूला आल्या हे माझ्या दृष्टीने मोठं होतं.

निदान चिंतेच्या विकाराचं झालं. गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही आठवडे फरक दिसत नाही, वर थोडी मळमळ होते, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही मध्येच सोडल्या नाहीत. बरं वाटलं तरी मनाने बंद करायच्या नाहीत, हेही बजावलं होतं. त्या नंतर त्यांनीच हळूहळू उतरवल्या.

पण गोळ्यांइतकंच काम शाळेच्या गेटवर झालं. पहिल्यांदा नुसतं गेटपर्यंत जाऊन यायचं. मग लायब्ररीत बसायचं. मग एकच तास, तो चित्रकलेचा, कारण तिथे कुणी उभं करून प्रश्न विचारत नाही. वर्गशिक्षिका छत्री घेऊन गेटवर थांबायच्या, आणि 'काय गं, बरी आहेस का' असं विचारायच्या नाहीत. 'चल, फळा पुसायचाय' म्हणायच्या. नातेवाइकांना काय सांगायचं ते मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, ॲसिडिटी सांग. बरं, ॲसिडिटी.

आता अकरावी कॉमर्सला आहे. परीक्षा आली की पोट अजून दुखतं. तेव्हा ती एक स्टॉप आधी उतरते आणि चालत जाते.

ऐकणारा:

आत्महत्या प्रतिबंधासाठी चालणाऱ्या एका फोनसेवेवर स्वयंसेवक आहे. तरुण मुलांच्या फोनची सुरुवात बहुतेकदा 'काही नाही, सहज केला' अशी होते. मग बराच वेळ पंख्याचा आवाज. आपण गप्प राहायचं. प्रशिक्षणात मला सगळ्यात अवघड गेलं ते 'अरे, पण तुझ्याकडे किती काय काय आहे' हे न म्हणणं. तोंडावर येतंच.

शंका आली तर मी थेट विचारतो, 'जीव द्यावासा वाटतोय का?' असं विचारल्याने नसती कल्पना डोक्यात भरते हा गैरसमज आहे. उलट पलीकडचा बहुधा मोकळा होतो, कारण एवढं स्पष्ट त्याला घरात कुणी विचारलेलं नसतं. हे विचारायला स्वयंसेवक असावं लागत नाही. विचारून झालं की उत्तर पूर्ण ऐका, त्याला एकटं सोडू नका, उपचारापर्यंत सोबत जा.

एक माहिती, कारण पोलिसांच्या भीतीने लोक दवाखान्यात खोटं सांगतात आणि मग उपचारच चुकतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम ११५. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं कायदा धरून चालतो, तिच्यावर खटला भरत नाहीत, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. मे २०१८ पासून हे लागू आहे. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत उरलेलंच नाही.

विदर्भातली:

खूप धीर आला वाचून. भावासाठी विचारते, वय २२, झोप नाही, कुणाशी बोलत नाही, डॉक्टरांकडे यायला तयार झालाय. मेडिक्लेम चालतो का? खासगीत फी परवडणार नाही.

सातारकर आई:

त्याच कायद्याने विमा कंपनीला मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरावं लागतं. पण आपल्या साध्या पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच्या खर्चाच्या असतात, ओपीडीची फी बहुतेक खिशातूनच जाते. तुमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सकाळी लवकर जा, रांग असते. तो तयार झालाय ना, मग याच आठवड्यात न्या. आणि आत काय बोलायचं ते त्याला आधी शिकवू नका, डॉक्टर विचारतात बरोबर.