अनुभव धागा: गहू सुटला, तरी त्रास का सुटत नाही?

कर्वेनगर (धागा सुरू करते आहे)

सिलिअ‍ॅकचं निदान झालं की डॉक्टर सांगतात, गहू, जव आणि राय नावाचं धान्य आता आयुष्यभर बंद, कारण त्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन तुमच्या लहान आतड्याला इजा करतं. आपण पोळी सोडतो, पाव सोडतो, सत्यनारायणाचा शिरासुद्धा नुसता नमस्कार करून परत देतो. एवढं करूनही पोट फुगतं, जुलाब होतात, अंगात त्राण नसतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "म्हणजे गव्हाचं काही नव्हतंच." इथेच बरेच जण घाबरून एकेक पदार्थ सोडत सुटतात. आज दूध, उद्या डाळी, परवा कांदा. ताटात भात उरतो आणि वजन उतरत राहतं.

माझं कळकळीचं सांगणं आहे की सोडण्याआधी शोधा. तुमच्या बाबतीत शेवटी काय निघालं ते इथे लिहा. निदान रक्ततपासणी आणि बायोप्सीने (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासून) झालं होतं की अंदाजाने, तेही सांगा.

सिंहगड रस्ता, सातवीतल्या मुलाची आई

निदान बायोप्सीने. ज्वारी-तांदळावर आणल्यावर तो सुरुवातीला खुलला, मग पोटदुखी परत आली. फेरतपासणीत टीटीजी, म्हणजे या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांचा आकडा, हवा तसा उतरला नव्हता. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, घरात येणारं प्रत्येक पाकीट घेऊन या.

पहिली सापडली हिंगाची डबी. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बाजारात तो पिठात मिसळून विकतात आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं असतं. म्हणजे रोजच्या आमटीच्या फोडणीतच! मेतकुटात गहू. थालीपिठाच्या भाजणीत गहू. दुधात घालायच्या पावडरीत जवाचं माल्ट. आणि सगळ्यात मोठी गोष्ट गिरणी. गव्हाच्या दळणामागून त्याच जात्यातून आमची ज्वारी यायची. गिरणीवाले काका फार भले, "आधी थोडी ज्वारी दळून बाजूला काढतो" म्हणाले, पण जात्याच्या दगडाच्या खाचांत बसलेलं पीठ तेवढ्याने निघत नाही. आपल्याकडे पाकिटावर ग्लुटेन-मुक्त छापायला मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅम. चिमूटभर कणकेत त्याहून जास्त ग्लुटेन असू शकतं.

आता घरघंटी घेतली आहे. त्याची चाळणी, पोळपाट-लाटणं, परात वेगळी. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला आणि पोरगं मधल्या सुट्टीत खेळायला लागलं.

सदाशिव पेठ, निवृत्त

माझ्या बाबतीत दूध निघालं. सकाळचा चहा झाला की पोटात गुडगुड, आणि मस्तानी प्यायली तर संध्याकाळ न्हाणीघरातच. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. लहान आतड्याच्या आत बारीक बोटांसारखे उंचवटे असतात. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज त्यांच्या टोकाशी तयार होतं. सिलिअ‍ॅकमध्ये हे उंचवटे झिजून सपाट होतात, त्यामुळे लॅक्टेजही जातं. ग्लुटेन पूर्ण बंद ठेवलं की अस्तर भरून येतं आणि पुष्कळांना दूध पुन्हा पचतं, पण आमच्यासारख्या मोठ्या वयाच्या लोकांना त्याला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्तही लागतात. तोवर मला ताक, घरचं दही आणि तूप चाललं. आता कपभर चहा सोसतो. मस्तानीची घाई करणार नाही.

हिंजवडी

माझा टीटीजी नॉर्मल, दूध बंद, तरी दुपारी पोट टम्म. कारण कांदा-लसूण. गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टन नावाची कर्बोदकं असतात, तीच कांद्या-लसणात भरपूर असतात. ज्याचं आतडं संवेदनशील आहे त्याला त्यांनी गॅस होतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने यावर आहारपद्धत बसवली आहे, तिच्यात आधी अशी कर्बोदकं कमी करायची असतात. तिचा दुसरा भाग लोक विसरतात: काही आठवड्यांनी एकेक पदार्थ थोडा थोडा परत आणून बघायचा. मी आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलं. आज डाळी खातो, कांद्याची हिरवी पात खातो, लसूण अख्खी तेलात परतून काढून टाकतो. सरसकट सगळं कायमचं बंद करायची गरज नव्हती.

चिंचवड

पोट शांत झालं, कोपर-गुडघ्यांवरची खाज नाही. हा सिलिअ‍ॅकचाच त्वचेवरचा प्रकार, त्वचेच्या बायोप्सीत कळला. पोटापेक्षा याला वेळ जास्त लागतो, तोवर डॉक्टर गोळ्या देतात.

औंध, नोकरी करणारी

माझा त्रास थकव्याचा. जिना चढले की धाप. तपासलं तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तळाला, बी-12 आणि डी कमी, शिवाय थायरॉइड. सिलिअ‍ॅक असलेल्यांत थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार जास्त आढळतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बद्धकोष्ठताही होती, कारण दिवसभर तांदूळ आणि साबुदाणा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, राजगिरा वाढवल्यावर ती गेली.

बिबवेवाडी

वडिलांचे पाण्यासारखे जुलाब थांबेनात. दुर्बिणीतून मोठं आतडं दिसायला चांगलं होतं, पण तुकडा तपासल्यावर सूक्ष्म कोलायटिस, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी मोठ्या आतड्याची सूज, निघाला. औषधाने आटोक्यात आहे. ग्लुटेन, दूध सगळं पाहून झालं असेल तर पुढच्या तपासण्यांचा आग्रह धरा.

वारजे

मी निदानाशिवायच गहू सोडला आहे. अर्धं बरं वाटतं, अर्धा त्रास तसाच. आता तपासणी केली तर कळेल का?

कर्वेनगर

वारजे, गहू बंद असताना टीटीजी आणि बायोप्सी दोन्ही खोटं नॉर्मल येऊ शकतात. म्हणून डॉक्टर काही आठवडे गहू परत खायला सांगतात, पण ते स्वतःच्या मनाने सुरू करू नका. एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जनुकं बघणारी रक्ततपासणी मात्र गहू बंद असतानाही होते. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच. असतील तर एवढ्यावरून आजार ठरत नाही, कारण निरोगी लोकांतही ती पुष्कळ आढळतात. पोटविकारतज्ज्ञांकडे जा. जाताना जुने रिपोर्ट आणि घरातल्या मसाल्यांच्या, पिठांच्या पाकिटांचे फोटो बरोबर ठेवा.